मालमोटारीचा वाटाड्या

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मलकापूर आणि नांदुरा या दोन गावांच्या दरम्यान, वडनेर भोलजी हे गाव आहे. सुरतेकडून धुळे, जळगाव, अकोला व अमरावती या मार्गाने नागपुरास आणि तेथून पुढे पूर्व किनाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. त्यावरून मालमोटारींची रीघ दिवसरात्र चालू असते. परंतु नुसते ‘वडनेर’ म्हटल्याने हे गाव सापडत नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आहे, अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात वडनेर गंगाई आहे आणि वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात निव्वळ वडनेर आहे. गावाच्या नावापुढे भोलजी, भैरव, गंगाई अशी दुसरी नावे लोकांनी जोडली, ती शोभेसाठी जोडली नाहीत. परक्या माणसाने वाट चुकू नये, याचा तो एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

मालाच्या बिल्टीवर केवळ ‘वडनेर’ एवढेच लिहिलेले असले आणि चालकाच्या हातातील यंत्राने पहिले आढळलेले वडनेर दाखविले, तर शेकडो किलोमीटरांचा हेलपाटा पडू शकतो. त्या हेलपाट्याचे डिझेल कोणी भरावयाचे? मालाच्या धन्याने, गाडीच्या मालकाने की चालकाने? वाट दाखविण्याच्या साधनांचा इतिहास पाहू लागले म्हणजे प्रत्येक काळात हाच प्रश्न निराळ्या वेषाने पुढे येतो. साधन स्वस्त आहे, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते कोणास स्वस्त पडले आणि त्याचे मोल कोणी दिले, हे पाहिल्यावाचून त्या म्हणण्यास अर्थ येत नाही. मालमोटारीस परवडेल असा वाटाड्या कोणता, याचा विचारही याच अंगाने करणे इष्ट आहे.

तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतून जाणारी वाट फार जुनी आहे. मोगलांच्या अमदानीत सुरतेहून आग्र्यास जाणारा एक मोठा व्यापारी मार्ग बऱ्हाणपुरावरून जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या मार्गाचे वर्णन लिहून ठेविले आहे. वऱ्हाडचा कापूस आगगाडी येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. धान्य आणि मीठ यांची ने-आण बंजाऱ्यांचे तांडे करीत. या तांड्यांजवळ कागदी नकाशा नव्हता. पाणी कोठे, चारा कोठे, कोणती नदी कोणत्या महिन्यात उतरून जाता येते, हे सारे ज्ञान नायकाच्या स्मरणात असे आणि ते बापाकडून मुलाकडे येई. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नायकाचे ज्ञान नुसत्या वाटेचे नव्हते. लादलेल्या बैलास कोणती वाट झेपेल, याचे ते ज्ञान होते. एकटा घोडेस्वार ज्या वाटेने सहज जाईल, ती वाट हजार बैलांच्या तांड्यास निरुपयोगी ठरे.

ज्यांच्यापाशी असे वंशपरंपरागत ज्ञान नसे, त्यांना गावोगावी वाटाड्या घ्यावा लागे. महाराष्ट्रातील गावगाड्यात हे काम महारांकडे वतनी सेवा म्हणून होते. सरकारी अंमलदार किंवा पाहुणा आला म्हणजे त्यास शिवेपर्यंत पोहोचवावयाचे, तेथे दुसऱ्या गावचा महार त्यास आपल्या ताब्यात घेई. प्रवाशास हा वाटाड्या फुकट मिळाल्यासारखा वाटे. परंतु त्याचे मोल वेठीच्या रूपाने एका समाजाकडून वसूल होत होते. घरचे काम टाकून, वेळी-अवेळी, अपुऱ्या मोबदल्यावर धावण्याची ही सक्ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे असलेल्या अनेक गाऱ्हाण्यांत ही अमर्याद चाकरीही होती. पुढे मुंबई राज्याने १९५८ साली कायदा करून कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली. स्वस्त वाटाड्याचा हा पहिला धडा. किंमत दिसत नाही, म्हणून ती कोणीच देत नाही असे समजू नये.

माणसाऐवजी दगडाने वाट सांगावी, ही कल्पनाही जुनी आहे. मोगल बादशहांनी आग्रा, दिल्ली, लाहोर या रस्त्यावर कोसाकोसास मनोरे उभारले, त्यांपैकी काही आजही उभे आहेत. सुमारे तीस फूट उंचीचा हा मनोरा दुरून दिसे आणि आपण रस्त्यावरच आहो, एवढी खात्री वाटसरूस देई. इंग्रजी अमलात त्याची जागा मैलाच्या दगडाने घेतली. मात्र दगड रोवण्यापूर्वी अंतर मोजावे लागते. प्रारंभीच्या काळात सर्वेक्षणाच्या तुकड्या एक मोठे चाक रस्त्याने ढकलीत नेत आणि त्याच्या फेऱ्यांवरून अंतर काढीत. जेम्स रेनेलचा बंगालचा नकाशासंग्रह १७७९ साली निघाला, तो अशाच मोजणीच्या आधारावर. चाकाची मोजणी रस्त्याच्या वळणांनी व चढउतारांनी फसते, म्हणून विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांच्या साहाय्याने देश मोजण्यास आरंभ केला. जवळजवळ अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र घेऊन तो दक्षिणेकडून वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी, काम अर्धवट असताना, वऱ्हाडाशेजारच्या हिंगणघाट येथे वारला. ज्या तालुक्यात निव्वळ ‘वडनेर’ आहे, तो तालुका हाच.

या मोजणीतून जे नकाशे सिद्ध झाले, ते मुख्यतः लष्करासाठी आणि महसुलासाठी. सामान्य गाडीवानाच्या हाती ते येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय लौकरच लांबच्या वाटेची त्यास गरजही उरली नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ साली भुसावळवरून येणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, अकोला यांवरून थेट नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यात आला. कापसाची गाडी आता स्टेशनापर्यंत किंवा खामगावच्या बाजारापर्यंत जाई आणि परत येई. एवढी वाट बैलांनाही पाठ असे. लांबच्या रस्त्यांकडे दोन पिढ्या दुर्लक्ष झाले.

रस्त्यांचे भाग्य पुन्हा उघडले ते मोटारीमुळे, आणि या कामी एका मराठी गृहस्थाचे नाव आदराने घ्यावयास हवे. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या वाढीचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर. लांब पल्ल्याचे रस्ते राखणे लोकलबोर्डांच्या कुवतीबाहेरचे असून ते मध्यवर्ती सरकारच्या हिताचे काम आहे, असे मत समितीने दिले. पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली रस्त्यांचा मध्यवर्ती निधी सुरू झाला. रस्ता जो वापरतो, त्याने रस्त्याचा आणि त्यावरील खुणांचा खर्च सोसावा, हा न्याय्य पायंडा येथे पडला.

डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. तिने आखलेल्या वीस वर्षांच्या योजनेस ‘नागपूर योजना’ असेच नाव पडले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते ही वर्गवारी तीत निश्चित झाली. युद्ध संपल्यावर सैन्याने विकून टाकलेल्या लॉऱ्या खाजगी मालवाहतुकीत आल्या. १९५४ साली जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बाहेर पडू लागल्या. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला, आणि वडनेर भोलजीवरून जाणारा रस्ता सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून चालकांच्या तोंडी बसला.

या रस्त्यावरचा दगड हेच पुढील अर्धशतक मालमोटारीचे खरे मार्गदर्शक यंत्र होते. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, ही खूण निरक्षर क्लीनरसही कळे. १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले, तरी रंगाची भाषा टिकली. दगडाने न सांगितलेले धाब्यावर विचारावयाचे. पूल वाहून गेला आहे का, पुढच्या नाक्यावर गाड्या अडल्या आहेत का, बाजारच्या दिवशी गावातून गाडी निघेल का, हे धाबेवाला, पंक्चर काढणारा आणि समोरून आलेला चालक सांगे. साधन साधे होते, परंतु त्यात एक मोठा गुण होता. सांगणाऱ्यास समोर मालमोटार उभी दिसत असे. अठरा टनांच्या गाडीस तो बैलगाडीची वाट दाखवीत नसे.

याच काळात विलायतेत आणि अमेरिकेत वाट दाखविणारी यंत्रे निघत होती. १९०९ साली जोन्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने मोटारीच्या चाकाशी जोडलेली एक तबकडी काढली. गाडी जशी पुढे जाई, तशी छापील तबकडी फिरे आणि आता कोणते वळण घ्यावयाचे ते दाखवी. पुढे मनगटावर बांधावयाची, कागदाची गुंडाळी असलेली साधनेही निघाली. १९८५ साली एटॅक कंपनीने कॅसेटवर साठविलेला नकाशा मोटारीत पडद्यावर दाखविला. ही सारी खेळणी हौशी श्रीमंतांची होती. रस्ता सोडला की तबकडी निरुपयोगी, आणि शहर बदलले की कॅसेट बदलावयाची! मालमोटारीपर्यंत यांतील काहीच पोहोचले नाही.

खरी क्रांती आकाशातून आली. अमेरिकेने १९७८ पासून जीपीएस या योजनेचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह अखंड वेळ सांगत असतात. जमिनीवरील यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश घेते, प्रत्येक संदेश येण्यास किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून आपले ठिकाण स्वतःच गणिताने काढते. वेळेच्या मोजमापात इतकी काटेकोरी लागते की, आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहावरील घड्याळ दिवसाकाठी जे सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते, ते दुरुस्त केले नाही तर ठिकाण एका दिवसात अनेक किलोमीटरांनी चुकेल. १९८३ साली कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले व पाडले गेले, त्यानंतर ही सेवा सर्व जगास विनामूल्य देण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये योजना पूर्णत्वास गेली. मात्र लष्करी कारणाने नागरिकांच्या संदेशात मुद्दाम शंभरेक मीटरांची चूक घातलेली असे. मे २००० च्या आरंभी ती काढून टाकण्यात आली. शंभर मीटरांच्या चुकीत महामार्ग कोणता आणि त्यास समांतर जाणारा बाजूचा रस्ता कोणता, हे कळत नाही. ती चूक गेली आणि उपग्रह खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरला.

भारतानेही आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली. १ जुलै २०१३ रोजी तिचा पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला, आणि तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. काही उपग्रहांवरील परदेशी अणुघड्याळे पुढे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर भारतात बनविलेले अणुघड्याळ होते. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला पुढचा उपग्रह मात्र योजलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. आकाशातील दीपस्तंभ राखणे किती खर्चाचे व चिकाटीचे काम आहे, हे यावरून दिसते. चालकास संदेश फुकट मिळतो, कारण कोठेतरी कर भरणाऱ्या जनतेने त्याचे मोल दिलेले असते.

परंतु उपग्रह ठिकाण सांगतो, वाट सांगत नाही. वाटेसाठी नकाशा लागतो आणि भारतात तपशीलवार नकाशांवर दीर्घकाळ निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ते काहीसे सैल झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय संस्थांस नकाशे करण्याची बरीच मोकळीक मिळाली. मधल्या काळात मॅपमायइंडियासारख्या देशी कंपन्यांनी मोटारीच्या काचेपाशी लावावयाची यंत्रे विकावयास आणली, परंतु चालकाच्या पगाराच्या मानाने ती महागच होती. अमेरिकेत २०१० च्या सुमारास गार्मिन आणि रँड मॅकनली यांनी केवळ मालमोटारीसाठी यंत्रे काढली. गाडीची उंची, लांबी आणि वजन त्यांत भरले म्हणजे ठेंगणे पूल व मनाई असलेले रस्ते टाळून ती वाट दाखवीत. अशा यंत्राची किंमत जशी आड येते, तशी माहितीची उणीवही आड येते. पुलाची उंची नकाशात कोणी नोंदलेलीच नसेल, तर महागडे यंत्रही ती कोठून सांगणार?

२०१६ नंतर इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि फोन हाच मालमोटारीचा वाटाड्या बनला. २००५ साली सुरू झालेला गूगलचा नकाशा आज बहुतेक चालकांच्या खिशात आहे. तो फुकट वाटतो. मात्र रस्त्यावरील कोंडी त्यास कळते ती त्याच रस्त्याने जाणाऱ्या फोनांच्या हालचालींवरून. म्हणजे चालक आपल्या प्रवासाची वार्ता देऊन त्याचे मोल फेडीत असतो. येथे आणखी एक भेद ओळखावयास हवा. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांत, काही अपवाद वगळता, ठिकाण कळविणारे यंत्र सक्तीचे झाले, आणि अनेक मालवाहू कंपन्याही तशी यंत्रे बसवितात. हे यंत्र गाडी कोठे आहे हे मालकास सांगते. पुढे कसे जावे हे ते चालकास सांगत नाही. एक पहारेकरी आहे, दुसरा वाटाड्या. पहारेकऱ्याचा खर्च मालक आनंदाने करतो. वाटाड्याचा खर्च मात्र पुष्कळदा चालकाच्या फोनावर ढकलला जातो.

या फोनातील वाटाड्याचा मोठा दोष असा की, तो मोटारीसाठी घडविलेला आहे. वेळ वाचविण्यासाठी तो गावातील बोळ सुचवितो. मोटार त्यातून निघते, दहा चाकांची गाडी अडकते. रेल्वेने २०१९ च्या आरंभापर्यंत ब्रॉडगेज मार्गावरील बिनपहाऱ्याची फाटके बंद केली, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी मर्यादित उंचीचे भुयारी रस्ते झाले. मोटारीस ती सोय झाली, उंच लादलेल्या मालमोटारीस ती भिंत झाली. २०१८ साली तीन आसांच्या मालमोटारीची वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. मात्र ती मर्यादा वाहनाची आहे, गावरस्त्यावरील लहान पुलाची नव्हे. नावांचा घोळ निराळाच. २०१० च्या फेरक्रमांकनात सहा क्रमांकाचा महामार्ग त्रेपन्न क्रमांकाचा झाला. नकाशावर त्रेपन्न दिसतो, जुना चालक सहाच म्हणतो, आणि नवखा दोहोंत गोंधळतो.

मग परवडणारा वाटाड्या निवडावयाचा कसा? चार कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, तो गाडीची उंची व वजन विचारतो काय? दुसरी, फोनची रेंज गेली तरी तो चालतो काय? उपग्रहाचा संदेश घेण्यास इंटरनेट लागत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवला की घाटात व रानातही वाट दिसते. तिसरी, तो चालकाच्या भाषेत बोलतो काय? कारण धावत्या गाडीत पडदा वाचणे म्हणजे प्राण पणाला लावणे होय. आणि चौथी, त्यातील चूक चालकास दुरुस्त करता येते काय? २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मुक्त नकाशा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात भुयाराची उंची कोणीही नोंदवू शकतो आणि त्यावर चालणारी काही साधने मालमोटारीचे माप लक्षात घेऊन वाट काढतात. चांगला मोबाइल, काचेपाशी लावण्याचा भक्कम आधार आणि असा उतरवून घेतलेला नकाशा, एवढ्यात बहुतेक काम भागते. बाकीचे काम बिल्टीचे आहे. तीत गावाचे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहावयास एक पैसाही लागत नाही.

आज निवडीचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे. याच बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर व सिंदखेडराजाच्या बाजूने, समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग उघडला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग पूर्ण झाला. नागपुराहून मुंबईकडे निघालेल्या चालकापुढे आता दोन वाटा आहेत. एक वेगाची, पण जादा टोलाची. दुसरी वडनेर भोलजीवरून जाणारी, जुनी, गावांची आणि धाब्यांची. कोणती स्वस्त, हे गाडीचे वजन, भाडे आणि वेळ यांवर ठरते. यंत्र किलोमीटर आणि मिनिटे मोजून देईल, परंतु टोल कोणाच्या खिशातून आणि उशिराचा दंड कोणाच्या पगारातून, हा हिशेब माणसांनीच आपसांत करावयाचा आहे.

वाटाड्याचा खर्च हा वाहतुकीच्या खर्चाचाच भाग आहे. जयकर समितीने रस्त्याचा भार रस्ता वापरणाऱ्यावर टाकला, तसा योग्य नकाशाचा, चांगल्या फोनचा आणि अपुऱ्या पत्त्यामुळे पडलेल्या हेलपाट्याचा भार माल पाठविणाऱ्याने व गाडीच्या मालकाने उचलावा, हेच न्यायाचे होय. ज्याच्या हाती चाक आहे, त्यानेच चुकलेल्या वाटेचे डिझेल भरावे, ही रीत वेठीच्या जुन्या रीतीहून फार निराळी नाही.